एकाच घरातले दोन रिपोर्ट

पावसाळा संपला की अम्मींना उमराहला घेऊन जायचे, असे गेल्या वर्षी आमच्या घरात ठरले. प्रवास लांबचा, वय ७१, मधुमेह जुना. म्हणून एप्रिलमध्येच त्यांची एकदा सगळी तपासणी करून घ्यावी, असा धाकट्या भावाने आग्रह धरला. मोमिनपुऱ्यातल्या आमच्या घरापासून मेयो रुग्णालय चालत जाण्याइतके जवळ आहे. पण हल्ली घरी येऊन रक्त घेऊन जाणाऱ्या लॅबची सोय सगळ्यांनाच बरी वाटते, तशी आम्हालाही वाटली. एका पॅकेजमध्ये साठ-सत्तर तपासण्या होत्या, त्यात लघवीही होती.

रिपोर्ट मोबाइलवर आला. साखर थोडी जास्त, बाकी बहुतेक ठीक. लघवीच्या पानावर मात्र ठळक अक्षरे होती: पस सेल १५ ते २०, बॅक्टेरिया आहेत. मग कल्चर केले. दोन दिवसांनी त्याचा निकाल आला: ई. कोलाय, एका मिलिलिटरमध्ये एक लाखापेक्षा जास्त.

अम्मींना त्रास काय होता, तर काहीच नाही. जळजळ नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखणे नाही. रात्री एकदा उठतात, पण ते गेली दहा वर्षे चालू आहे. तरी 'लाखापेक्षा जास्त जंतू' हे शब्द कानावर पडल्यावर घर शांत कसे बसणार? जवळच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. खात्री करून घ्यावी म्हणून दहा दिवसांनी आम्ही पुन्हा लघवी तपासली. जंतू होतेच. दुसरा कोर्स झाला. पुन्हा तपासणी, पुन्हा जंतू. तिसऱ्या वेळी तर आम्ही डॉक्टरांकडे गेलोच नाही. रिपोर्टवर ज्या औषधापुढे 'एस', म्हणजे लागू पडेल, असे लिहिले होते, त्यातले एक, ओफ्लॉक्सासिन, कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमधून आणले. पाकिटावर लाल रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, असा त्या रेघेचा अर्थ आहे. सरकारने २०१६ मध्ये तिच्यासाठी मोठी मोहीमही चालवली होती. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही आणि आम्ही रेघ पाहिली नाही.

गोळ्या सुरू होऊन तिसरा दिवस होता. फजरच्या नमाजनंतर अम्मी जानमाजवरून उठल्या आणि भिंत धरून तशाच खाली बसल्या. घामाने कपडे भिजले होते, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. दुल्हनने, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोने, प्रसंगावधान राखून घरातल्या मशीनवर साखर पाहिली. ती ५४ होती. साखरेचे पाणी पाजले, वीस मिनिटांत त्या सावरल्या. अल्लाहचा शुक्र, की त्या वेळी घरात सगळे जागे होते.

त्या दिवशी आम्ही एका ज्येष्ठ फिजिशियनकडे गेलो. तिन्ही रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटे पुढे ठेवली. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारले आणि अम्मींना विचारले, "आजी, लघवीला काही त्रास होतो का?"

"नाही."

"आधी होता?"

"नाही."

मग ते आमच्याकडे वळले. "मग तुम्ही उपचार कशावर केलेत? कागदावर?"

साखर का उतरली, तेही त्यांनी सांगितले. अम्मी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. ओफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या कुळातली औषधे अशा गोळ्यांबरोबर घेतली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये याबद्दल अधिक कडक इशारा दिला, तोही विशेष करून वयस्कर आणि मधुमेही रुग्णांसाठी. म्हणजे ज्या जंतूंनी अम्मींना काहीच केले नव्हते, त्यांना मारायला निघालेल्या औषधाने त्यांना जमिनीवर बसवले होते.

लघवीत जीवाणू आहेत, पण त्रास काहीच नाही, या स्थितीला डॉक्टर वेगळे नाव देतात. आपण त्याला लक्षणांशिवायचे जंतू म्हणू. हा आजार नाही, ही एक अवस्था आहे, आणि ती आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त आढळते. तरुण, निरोगी स्त्रियांमध्ये शंभरात १ ते ५ जणींना असे जंतू सापडतात. सत्तरी ओलांडलेल्या, घरातच राहणाऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात १० ते १६ पर्यंत जाते, आणि मधुमेही स्त्रियांमध्ये ९ ते २७. बरेच दिवस लघवीची नळी घातलेल्या रुग्णात तर ते जवळजवळ प्रत्येकाला असतात. अम्मी वयस्कर, त्यात मधुमेही. त्यांच्या लघवीत जंतू निघाले, यात नवल काहीच नव्हते.

'एक लाख' हा आकडा कुठून आला, हेही समजून घेण्यासारखे आहे. १९५० च्या दशकात बोस्टनमधील डॉक्टर एडवर्ड कॅस यांच्यापुढे प्रश्न असा होता, की बाटलीत सापडलेले जंतू खरोखर मूत्राशयातले, की लघवी घेताना त्वचेवरून आलेले? मोजमाप करून त्यांनी मिलिलिटरला एक लाख ही सीमा धरली. ही सीमा जंतू आत आहेत एवढेच सांगते. माणूस आजारी आहे की नाही, हे ती सांगत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर लक्षणे नसताना एकाच नमुन्यावर निर्णय घेऊ नये, लागोपाठ दोन नमुन्यांत तोच जंतू तेवढ्या संख्येने मिळायला हवा, असा नियम आहे. पस सेलचेही तसेच. पेशी वाढल्या म्हणजे शरीराला जंतूंची जाणीव झाली आहे, एवढेच. त्रास नसेल, तर केवळ पस सेल पाहून औषध सुरू करू नये. लघवी गढूळ दिसते किंवा वास येतो, ही कारणेही पुरेशी नाहीत. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले, तर कोणाची लघवी पिवळी आणि वासाची होत नाही?

पण मधुमेह्याचे जंतू मारून टाकलेले बरे नाही का, असे आमच्या मनात होते. याचे उत्तर २००२ मध्ये कॅनडातून मिळाले आहे. तिथल्या डॉक्टरांनी लक्षणांशिवाय जंतू असलेल्या १०५ मधुमेही स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला औषध दिले, दुसऱ्याला औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पुढे तीन वर्षांपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले. औषधाने जंतू जात आणि काही काळाने परत येत. प्रत्यक्ष त्रास देणारा संसर्ग दोन्ही गटांत सारखाच झाला. फरक एकच पडला: औषधाच्या गटातल्या स्त्रियांनी जवळजवळ पाचपट दिवस प्रतिजैविके खाल्ली.

इटलीतला अनुभव याहून डोळे उघडणारा आहे. ज्यांना वारंवार लघवीचा संसर्ग होतो, अशा ६७३ तरुण स्त्रियांचा अभ्यास तिथे झाला आणि २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्रास नसताना ज्यांचे जंतू औषधाने मारले, त्यांनाच पुढे वर्षभरात जास्त वेळा संसर्ग झाला. असे का होत असावे? जे जंतू त्रास न देता मूत्राशयात राहतात, ते नव्या, द्वाड जंतूंना जागा देत नाहीत. स्वीडनमध्ये एका शाळकरी मुलीच्या लघवीत एकच ई. कोलाय तीन वर्षे होता, तिला काहीही न करता. पुढे संशोधकांनी तोच जंतू, वारंवार संसर्ग होणाऱ्या लोकांच्या मूत्राशयात मुद्दाम सोडून पाहिला, आणि तो जिथे टिकला तिथे संसर्ग कमी झाले. आमच्या डॉक्टरांनी हे सांगताना मोहल्ल्याचीच भाषा वापरली. जुना भाडेकरू वेळेवर भाडे देत नसेल, पण भांडतही नाही. त्याला काढून खोली रिकामी ठेवली, तर तिथे कोण घुसेल याचा भरवसा नाही.

आमच्या अम्मींचे तीन रिपोर्ट शेजारी ठेवले, की हे डोळ्यांनी दिसते. पहिल्यात 'एस' लिहिलेल्या गोळ्या बऱ्याच होत्या. तिसऱ्यात बहुतेक ठिकाणी 'आर', म्हणजे औषध आता निरुपयोगी. उरली होती ती प्रामुख्याने शिरेतून द्यायची इंजेक्शने. दीड महिन्यात आम्ही आमच्याच हाताने ही यादी छोटी केली होती. उद्या अम्मींना खरोखर ताप-थंडीचा संसर्ग झाला, तर गोळीने भागणार नाही, दवाखान्यात दाखल व्हावे लागेल. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे. ही संख्या वाचताना दूरची वाटते. तिसरा रिपोर्ट आमच्याच कपाटात होता.

गोष्ट इथे संपली असती, तर आम्ही हा लेख लिहिलाही नसता. पुढे जे झाले ते जास्त शरमेचे आहे.

मे महिन्याच्या अखेरीस दुल्हनला चौदावा आठवडा लागला होता. तिची नोंद सरकारी रुग्णालयात होती. तिथल्या डॉक्टरांनी लघवीचे कल्चर करायला सांगितले, निकाल आला, आणि त्यातही तेच: ई. कोलाय, एक लाखापेक्षा जास्त. तिलाही त्रास काहीच नव्हता. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. पण आता आमचे घर शहाणे झाले होते! अम्मी म्हणाल्या, "दुल्हन, माझे पाहिलेस ना? कागदाचे औषध खाऊ नको. त्यात पोटात बाळ." खाला म्हणाल्या, "आमच्या वेळी कोणी लघवी तपासायचे का?" आम्हीही मान डोलावली. औषधाचे पाकीट फ्रिजवर पडून राहिले.

आठ दिवसांनी आशाताई घरी आल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी कार्ड पाहिले, चौकशी केली, आणि त्यांची नजर फ्रिजवरच्या न फोडलेल्या पाकिटाकडे गेली. त्यांनी वाद घातला नाही. "उद्या सकाळी मी येते, तुम्ही तिला घेऊन चला," एवढेच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच दारात उभ्या राहिल्या.

गरोदरपणात नियम उलटा आहे. त्रास नसला तरी तपासायचे, आणि जंतू निघाले तर औषध द्यायचेच. कारण शरीरच बदललेले असते. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळ्या सैल पडतात, वाढते गर्भाशय त्यांच्यावर दाब देते, लघवी वाहत राहण्याऐवजी साचते. मूत्राशयात निमूट बसलेल्या जंतूंना वर चढायला रस्ता मिळतो. औषध न दिलेल्या अशा गरोदर स्त्रियांपैकी शंभरात २० ते ३५ जणींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, असे जुन्या अभ्यासांत आढळले. उपचार केल्यास हे प्रमाण १ ते ४ वर येते. हा संसर्ग म्हणजे साधी जळजळ नव्हे. हुडहुडी भरून ताप, कमरेत कळा, उलट्या, दवाखान्यात भरती, आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपण होण्याची भीती. नेदरलँड्समधल्या २०१५ च्या एका अभ्यासात हा धोका बराच कमी, शंभरात २ ते ३, निघाला. पण त्या स्त्रिया निरोगी, कमी जोखमीच्या होत्या आणि दारात दवाखाना असलेल्या देशातल्या. चंदीगडच्या पीजीआयमध्ये गरोदर स्त्रिया तपासल्या, तेव्हा दर सहा जणींत एकीच्या लघवीत लक्षणांशिवाय जंतू मिळाले होते. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तपासणी सोडून चालणार नाही, असे आम्हाला यातून वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये गरोदर स्त्रियांसाठी कल्चरची तपासणी आणि जंतू आढळल्यास सात दिवसांचे औषध सुचवले आहे. इथे भगिनींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. दर भेटीला दवाखान्यात जी लघवी घेतात, ती बहुतेक वेळा प्रथिने आणि साखर पाहण्यासाठी असते. ते कल्चर नव्हे. पहिल्या भेटीत किंवा चौथ्या महिन्याच्या आसपास "लघवीचे कल्चर केले का?" असे आपण होऊन विचारावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिथेही विचारता येते. औषध कोणते, हे मात्र डॉक्टरच ठरवतील. गरोदरपणात चालणारी औषधे वेगळी आहेत. सासूबाईंच्या डब्यातले उरलेले पाकीट सुनेला देऊ नये. आणि औषध संपल्यावर गरोदर स्त्रीची लघवी पुन्हा तपासावी लागते, जे अम्मींच्या बाबतीत करायची अजिबात गरज नव्हती.

दुसरा अपवाद मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेचा. मुतखडा दुर्बिणीने काढायचा असेल, प्रोस्टेटची ग्रंथी आतून कापायची असेल, तर आतल्या अस्तराला जखम होते आणि जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. म्हणून आधी कल्चर करून, शस्त्रक्रियेच्या वेळी योग्य औषध देतात. विदर्भात मुतखडा काही कमी नाही, तेव्हा घरातल्या बुजुर्गांसाठी हे ठाऊक असावे. गुडघा बदलणे, मोतीबिंदू अशा शस्त्रक्रियांसाठी मात्र हे लागू नाही. अमेरिकेच्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आपले नियम नव्याने लिहिले, त्यात हे स्पष्ट सांगितले आहे. मूत्रपिंडाचे रोपण नुकतेच झालेल्यांनी किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे त्यांनी आपल्याच तज्ज्ञ डॉक्टरांचे ऐकावे.

आता बाटलीविषयी. अम्मींचा दुसरा नमुना आमच्याच हातून बिघडला असावा, अशी आम्हाला शंका आहे. ती बाटली मे महिन्यात भावाच्या स्कूटरच्या डिकीत तीन तास होती. तो आधी कामावर गेला, मग लॅबमध्ये. ई. कोलायला उबदार जागा मिळाली, की तो अर्ध्या तासात सहज दुप्पट होतो. तीन तासांत एकाचे चौसष्ट. नागपूरच्या उन्हात डिकी म्हणजे त्याच्यासाठी पाळणाच. म्हणून नमुना घ्यायचाच असेल, तर नीट घ्यावा: जागा पाण्याने पुढून मागे धुवावी, पहिली धार सोडून द्यावी, मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी, झाकण आतून हाताने शिवू नये, आणि तासाभरात लॅबमध्ये पोहोचवावी. उशीर होणार असेल तर बाटली पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी.

त्रास नाही म्हणून औषध नाही, याचा अर्थ त्रास झाला तरी बसून राहा, असा नाही. लघवीला जळजळ, वारंवार आणि घाईची लघवी, रक्त जाणे, ओटीपोटात दुखणे ही खऱ्या संसर्गाची लक्षणे आहेत. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे, उलट्या असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वयस्कर माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, तर घाईने 'लघवीत इन्फेक्शन असेल' असे ठरवू नये. साखर, पाण्याची कमतरता, नवीन सुरू झालेली गोळी, पडून डोक्याला लागणे हे सगळे पाहावे लागते. आमच्या अम्मींचेच उदाहरण घ्या. त्या पहाटे बोलणे अडखळले ते साखरेमुळे.

अम्मींच्या मनात आणखी एक काटा होता, जो त्यांनी डॉक्टरांना सांगितला नाही, आम्हालाही बऱ्याच दिवसांनी सांगितला. लघवीत जंतू आहेत म्हणजे आपले वुजू टिकते का, उमराह तरी दुरुस्त होईल का? आम्ही मशिदीच्या इमाम साहेबांना विचारले. ते हसून म्हणाले, तहारतचे नियम तेच, जे सगळ्यांना आहेत. लॅबच्या कागदाने त्यात काही फरक पडत नाही. ज्यांना लघवी थेंब थेंब गळण्याचा त्रास सतत आहे, त्यांच्यासाठी शरीयतने सवलत ठेवली आहे, त्यांनी येऊन विचारावे. हे ऐकल्यावर अम्मींनी पाणी पुन्हा पोटभर प्यायला सुरुवात केली. तोवर त्या वुजू टिकावे म्हणून पाणी तोडत होत्या, हे आम्हाला माहीतच नव्हते. आपल्या घरांत किती बायका प्रवासात, लग्नात, बाजारात असे पाणी तोडतात! ज्यांना वारंवार त्रासदायक संसर्ग होतो आणि ज्या पाणी कमी पितात, अशा १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला दिले, तर वर्षभरातले त्यांचे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. हा अभ्यास २०१८ चा आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दुल्हनने सात दिवसांच्या गोळ्या पूर्ण घेतल्या. नंतरचे कल्चर स्वच्छ आले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पूर्ण दिवस भरून, तिला मुलगी झाली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये अम्मी उमराह करून आल्या. सामानात मधुमेहाच्या गोळ्या, खजूर ठेवायला एक डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. त्यांची लघवी त्यानंतर आम्ही तपासलेली नाही.